होलीरूडच्या बागेतील दोन एल्म

मराठीत ‘कलम’ हा एकच शब्द लेखणीलाही लागतो आणि एका झाडाची डहाळी दुसऱ्याच्या खुंटावर बांधून सिद्ध केलेल्या रोपालाही लागतो. आणि बोरूला टोक काढताना चाकू जसा तिरपा चालवितात तसाच तो आंब्याच्या डहाळीवर चालविताना कोकणातील माळ्याला ज्याने पाहिले असेल, त्याला हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदतात याचे नवल वाटणार नाही. दफ्तरातील कलम नोंद करते, बागेतील कलम वंश चालविते. कोय पेरून वाढविलेल्या झाडाला मातृवृक्षासारखे फळ येईलच अशी शाश्वती नसते, म्हणून त्याला आपण रायवळ म्हणतो, आणि ज्याचे फळ कितीही पिढ्या लोटल्या तरी तेच राहते त्याला कलमी म्हणतो. या दृष्टीने पाहता रत्नागिरी-देवगडच्या डोंगरउतारांवर पसरलेला हापूस हा तत्त्वतः एकाच आद्य वृक्षाचा विस्तार आहे. देह तोच, त्याला पुढे नेणारे हात मात्र बदलत आलेले.

स्कॉटलंडच्या राजधानीत, होलीरूड राजवाड्याच्या बागेत उभ्या असलेल्या दोन एल्म वृक्षांची हकीकत मला या शब्दाच्या दोन्ही अर्थांमुळे मोलाची वाटते. बागेतल्या कलमाने ते वृक्ष जगविले आणि दफ्तरातल्या कलमाने त्यांना हरवले. ज्या वाणाचे ब्रिटनमधील अखेरचे ज्ञात झाड १९९६ साली रोगाला बळी पडले, आणि म्हणून जो वाण त्या देशातून उच्छिन्न झाला असे धरले गेले होते, त्याच वाणाचे हे दोन वृक्ष, प्रत्येकी सुमारे शंभर फूट उंचीचे, राजवाड्याच्या हिरवळीवर सर्वांच्या डोळ्यांदेखत उभे होते; आणि ते कोण आहेत हे २०१६ सालापर्यंत कोणी ओळखले नव्हते.

एल्म हे नाव मराठी वाचकाला परके वाटते, परंतु त्याच्या कुळातला एक वृक्ष आपल्याकडे ओढ्याकाठी आणि गावकुसाबाहेर पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो म्हणजे वावळा. संस्कृत निघंटूंतील चिरबिल्व. माघ-फाल्गुनात पाने झडून गेल्यावर वावळ्याच्या उघड्या फांद्यांवर कागदासारख्या पातळ, गोल, मधोमध एकच बी असलेल्या पोपटी चकत्यांचे घोस लटकू लागतात, आणि उन्हाळा चढला की त्या वाळून वाऱ्यावर भिरभिरत दूरवर जातात. त्यांतले बी सोलून खाल्ल्याची आठवण खेड्यात वाढलेल्या अनेकांपाशी असेल. युरोपातील एल्मही वसंताच्या आरंभी, पाने फुटण्याच्या आधी, अशाच चकत्यांनी भरून जातो. हे साम्य ज्याने शास्त्रीय भाषेत प्रथम नोंदविले तो विल्यम रॉक्सबर्ग एडिंबरो येथे जॉन होप यांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकला होता. कंपनी सरकारच्या नोकरीत मद्रास मुलखात आणि पुढे कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात त्याने उमेदीची वर्षे घालविली, आणि कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात वावळ्याला त्याने एल्मच्याच प्रजातीत घातले. १८४८ साली प्लांशाँ या फ्रेंच पंडिताने वावळ्याची वेगळी प्रजाती केली खरी, पण तिला जे ‘होलोप्टेलिया’ असे नाव दिले त्यातील ‘प्टेलिया’ हा प्राचीन ग्रीक भाषेतील एल्मवाचक शब्दच होय. आप्तसंबंध असा नावात शिल्लक राहिला.

उत्तर युरोपातील माणसाचे या वृक्षाशी नाते केवळ छायेचे नव्हते. एल्मचे लाकूड सतत पाण्याखाली राहिले तर कुजत नाही, म्हणून लंडन शहराला पाणी पुरविणारे नळ शेकडो वर्षे एल्मचे बुंधे पोखरूनच केले जात. त्याचे तंतू परस्परांत गुंतलेले असल्यामुळे ते सहसा चिरफळत नाही, म्हणून गाडीच्या चाकाचा तुंबा एल्मचा. आणि शवपेटीच्या फळ्याही बहुधा एल्मच्याच. स्कॉटलंडच्या थंड प्रदेशात मूळचा जो एल्म आहे त्याला विच एल्म म्हणतात. त्यातील ‘विच’ या जुन्या शब्दाचा चेटकिणीशी काही संबंध नसून त्याचा अर्थ लवचिक असा आहे. इंग्लंडच्या दक्षिणेकडील एल्म मुळांपासून धुमारे फेकून स्वतःभोवती कुंपणच्या कुंपण उभे करतो. विच एल्मला ती सोय नाही, त्याचा सारा भरवसा बियांवर. ही गोष्ट पुढील हकीकतीसाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण बीज पेरून वाढणाऱ्या झाडांत वैचित्र्य उपजते, आणि वैचित्र्य हेरून ते कलमाने कायम करणे हा एकोणिसाव्या शतकातील रोपवाटिकांचा मोठा उद्योग होता.

त्या शतकातील उद्यानरसिकांना झाड कसे हवे होते? ओणवलेले, सरळसोट, सोनेरी पानांचे, जांभळ्या पानांचे, पानांना पीळ पडलेले. एका शब्दात, शेजाऱ्याच्या बागेत नसलेले. इंग्लंडातील एक्सेटर गावच्या रोपवाटिकेत १८२६ च्या सुमारास खांबासारखा ताठ वाढणारा, मुरडलेल्या पानांचा एक एल्म निघाला आणि तो एक्सेटर एल्म या नावाने युरोपभर गेला. डंडी शहराजवळच्या कॅम्परडाउन जहागिरीवरील वनपाल डेव्हिड टेलर यांना १८३५ ते १८४० च्या दरम्यान रानात विच एल्मचे एक विचित्र रोप दिसले. त्याला उभे राहणे ठाऊकच नव्हते. त्याच्या फांद्या वेड्यावाकड्या होत जमिनीवरच सरपटत होत्या. टेलर यांनी ते टाकून न देता जहागिरीच्या बागेत आणून लावले. त्याची डहाळी सरळ वाढलेल्या विच एल्मच्या उंच खुंटावर बांधली की फांद्या चहूकडून खाली झुकतात आणि झाडाची छत्री होते. जगात आज जेथे जेथे कॅम्परडाउन एल्म आहे तेथे तेथे त्या सरपटणाऱ्या रोपाचीच डहाळी कोणा तरी परक्या बुंध्यावर जगत आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागातील उद्यानात १८७२ साली लावलेला असा एक वृक्ष गेल्या शतकात मरणपंथाला लागला असता मेरीॲन मूर या कवयित्रीने १९६७ साली त्याच्यावर कविता लिहिली, आणि त्या निमित्ताने जमलेल्या पैशातून त्याच्यावर उपचार झाले. टेलर यांना जे दिसले ते दिसण्यासाठी रानाकडे नित्य लक्ष असावे लागते, आणि विद्रूप म्हणून उपटून टाकण्याजोग्या रोपात भावी सौंदर्य पाहण्यासाठी त्याहून काही अधिक असावे लागते. त्या वनपालाविषयी मला फार आदर वाटतो.

अशा नाना वाणांची बाजारपेठ म्हणजे बर्लिनची श्पेट रोपवाटिका. १७२० साली क्रिस्टोफ श्पेट या माळ्याने सुरू केलेला हा व्यवसाय एकाच घराण्यात सहा पिढ्या चालला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, फ्रांत्स श्पेट यांच्या अमदानीत, तो जगातील सर्वांत मोठा वृक्षव्यापार समजला जाऊ लागला. बर्लिनच्या ज्या भागात त्यांची वाफ्यांची शेते होती त्या भागाला आणि तेथील रेल्वे स्थानकाला बाउमशूलेनवेग, म्हणजे रोपवाटिकेचा रस्ता, हेच नाव पडले आणि ते आजही चालू आहे. १८७९ साली फ्रांत्स श्पेट यांनी आपल्या घराभोवती दुर्मिळ वृक्षांचे जे संग्रहोद्यान घातले ते पुढे विद्यापीठाकडे गेले आणि टिकले. घराण्याचा शेवट मात्र करुण झाला. सहाव्या पिढीतील हेलमुट श्पेट यांना नाझी राजवटीने अटकेत टाकले आणि १९४५ साली, युद्ध संपावयास तीन महिने उरले असता, जाक्सनहाउझेन येथील छळछावणीत ठार केले. सव्वादोनशे वर्षे लोकांना झाडे पुरविणाऱ्या घराची ही समाप्ती वाचताना मन विषण्ण होते.

याच श्पेट रोपवाटिकेकडून १९०२ साली एडिंबरोच्या शाही वनस्पती-उद्यानात तीन एल्म आले. त्यांचे व्यापारी नाव ‘वेंटवर्थी पेंडुला’, अर्थात ओणव्या फांद्यांचा वेंटवर्थ एल्म. पाने मोठी आणि तकतकीत, फांद्यांचा झोक खाली. उद्यानाचे प्रमुख त्या वेळी आयझॅक बेली बाल्फोर होते, आणि झाड कोठून आले, केव्हा आले, किती आले याची नोंद ठेवण्याची उद्यानाची पद्धत कडक होती. म्हणूनच आज आपण तीन हा आकडा निःशंकपणे लिहू शकतो. परंतु त्याच दफ्तरात पुढे वेंटवर्थ एल्म म्हणून जे झाड सापडते ते एकच. उरलेल्या दोहोंविषयी लेखणी गप्प आहे. जमेकडे तीन आणि शिल्लक एक, अशी ही वही जवळजवळ एक शतक मिटल्याविना तशीच राहिली. आणि बागेत लावलेली रोपे मरतातच, त्यामुळे त्या दोहोंचा तपास करण्याची तजवीज कोणाला सुचली नाही यात आश्चर्य नाही.

यानंतर त्या वृक्षकुळावर जे अरिष्ट कोसळले त्याची सुरुवात पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वायव्य युरोपात झाली. भर उन्हाळ्यात हिरव्यागार एल्मची एखादी फांदी टोकाकडून पिवळी पडे, पाने गुंडाळली जात, आणि काही आठवड्यांत, फार तर एका-दोन वर्षांत, सबंध वृक्ष वाळून जाई. युद्धात वापरलेल्या विषारी वायूंचा हा परिणाम असावा असेही काहींना वाटले. खरे कारण शोधून काढले ते हॉलंडमधील बार्न येथे योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुण स्त्रियांनी. बेआ श्वार्त्स यांनी १९२२ साली हा एका बुरशीचा पराक्रम असल्याचे दाखविले. समकालीन शास्त्रज्ञांनी ते मानले नाही. पुढे क्रिस्टीन बाउसमन यांनी १९२७ साली तेच निर्विवाद सिद्ध केले. डच एल्म रोग हे नाव पडले ते या संशोधनामुळे. हॉलंडने रोग दिला म्हणून ते पडले असा जो समज रूढ आहे तो त्या विदुषींवर अन्याय करणारा आहे.

रोगाची रीत अशी. आजारी एल्मच्या सालीखाली एक लहानसा भुंगेरा भुयारे कोरून अंडी घालतो. त्या भुयारांत बुरशीचे बीजाणू वाढतात. नवे भुंगेरे बाहेर पडताना ते अंगावर घेऊन निघतात आणि निरोगी एल्मच्या कोवळ्या डहाळ्यांच्या बेचक्यांत जाऊन कुरतडतात. एवढी जखम पुरते. बुरशी रसवाहिन्यांत शिरली की वृक्ष स्वसंरक्षणासाठी त्या वाहिन्याच आतून बुजवू लागतो, आणि शत्रूची वाट अडविता अडविता स्वतःचे पाणी तोडून बसतो. पहिली लाट ओसरली तेव्हा पुष्कळ झाडे वाचली होती. परंतु १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतून आयात केलेल्या, सालीसकट आलेल्या एल्मच्या ओंडक्यांबरोबर त्याच बुरशीची अधिक जहाल जात ब्रिटनच्या बंदरांत उतरली, आणि पुढील काही दशकांत त्या एका देशात अडीच कोटींहून अधिक एल्म मेले. कॉन्स्टेबल या चित्रकाराच्या चित्रांतून जो वृक्ष इंग्लंडच्या भूमीचे लक्षण म्हणून आपल्या परिचयाचा झाला, तो त्या भूमीवरून एका पिढीच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला.

एडिंबरो शहराने मात्र हार मानली नाही. दर उन्हाळ्यात नगरपालिकेची माणसे रस्तोरस्ती फिरून एल्म तपासतात, रोगट झाड आढळले की ते तत्काळ पाडतात, आणि भुंगेऱ्याला घर मिळू नये म्हणून त्याच्या लाकडाची विल्हेवाट लावतात. हजारो वृक्ष असे पाडावे लागले, आणि या कठोर शिस्तीमुळेच हजारो वाचले. वनस्पती-उद्यानातील वेंटवर्थ एल्म मात्र वाचला नाही. त्याला रोग जडला आणि १९९६ साली तो गेला. श्पेटकडून आलेल्या तीन रोपांपैकी जे दफ्तराला ठाऊक होते ते एक झाड दफ्तरातूनही कमी झाले.

होलीरूडचा राजवाडा शहराच्या पूर्व टोकाला, आर्थर्स सीट या विझलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. स्कॉटलंडमधील हे राजाचे अधिकृत निवासस्थान. दर उन्हाळ्यात येथील बागेत मोठा उद्यानसोहळा होतो आणि हजारो निमंत्रित हिरवळीवर वावरतात. त्या बागेतील वृक्षांची पाहणी चालू असता दोन ओणव्या फांद्यांचे प्रचंड एल्म वेगळे वाटले, आणि वनस्पती-उद्यानातील एल्मचे अभ्यासक मॅक्स कोलमन यांच्या तपासात ते वेंटवर्थ एल्म ठरले. १९०२ च्या नोंदीतील हरवलेली दोन रोपे ती हीच, असा तर्क कोलमन यांनी बांधला, आणि तो मला पटतो. उद्यान आणि राजवाडा या दोन्ही संस्था त्या काळी राजमुकुटाच्या मालकीच्या. दोहोंतील माळ्यांचा परस्परांशी घरोबा. उद्यानाच्या वाफ्यात थोडी मोठी झालेली रोपे राजवाड्याच्या बागेत न्यावयाची तर त्यासाठी सनदेची गरज कसली? हातगाडीवर घालून नेली असतील, खड्डे काढून लावली असतील, आणि लिहिण्याचे राहून गेले असेल. ज्याने ती लावली त्या माळ्याचे नाव कोणत्याही कागदावर नाही. त्याच्या हातचे काम मात्र शंभर फूट वाढले.

एडिंबरोच्या या उद्यानाच्या संग्रहाचा विचार करताना आपल्या पुण्याजवळची एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. दापोडी येथे मुंबई सरकारचे वनस्पती-उद्यान होते, आणि अलेक्झांडर गिब्सन हे एडिंबरोलाच शिकलेले डॉक्टर त्याचे अधीक्षक होते. १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांनी त्या सुमारास एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून दापोडीच्या आणि आसपासच्या वनस्पतींची चित्रे काढवून घेतली. ती चित्रे एडिंबरोच्या उद्यानाच्या संग्रहात आज सुरक्षित आहेत. त्यांतील पाकळीपाकळीवरची रंगाची जाण पाहून कोणीही थक्क व्हावे. परंतु चित्रकाराचे नाव नोंदलेले नाही. दापोडीचा हा कारागीर आणि होलीरूडचा तो माळी, दोघांचीही कलमे चालली, आणि दोघांचीही नावे लिहावयाची राहिली. सरकारी दफ्तरे मालाची नोंद चोख ठेवतात आणि हातांची ठेवीत नाहीत, ही खंत इतिहासाचे कागद चाळणाऱ्याला वारंवार होते. मला ती या दोन ठिकाणी सर्वांत जास्त झाली.

कोणी विचारील की दोन झाडे ओळखली गेली, एवढ्याने काय साधले. याचे एक उत्तर एक्सेटरच्या त्या ताठ एल्मकडे आहे. निव्वळ शोभेसाठी राखलेला हा वाण हॉलंडमधील संशोधकांनी रोगप्रतिकारक एल्म घडविताना कामी आणला: त्याचा संकर त्यांनी हिमालयातील एल्मशी केला. कलकत्त्याच्या उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनियल वॉलिख यांचे नाव धारण करणारा, काश्मीरच्या डोंगरांतही वाढणारा हा आपला वृक्ष. त्यालाही नाव दिले ते प्लांशाँनीच, आणि त्याच १८४८ साली. त्या संकराचा पुढे बेआ श्वार्त्स यांच्या नावाच्या वाणाच्या संततीशी संयोग झाला, आणि १९७३ साली ‘लोबेल’ हा वाण बाहेर पडला. एक्सेटरचे १८२६ सालचे एक लहरी रोप, काश्मीरच्या डोंगरांतील एक जात आणि बार्नच्या प्रयोगशाळेतील एका उपेक्षित तरुणीचे नाव यांचा रक्तसंबंध असा जुळला. दीडशे वर्षांच्या काळात एखाद्या माळ्याने एक्सेटर एल्मचे कलम बांधण्याचा कंटाळा केला असता तर हा दुवा तुटला असता. वेंटवर्थ एल्मच्या देहात काय दडले आहे ते आधी कोणी सांगू शकणार नाही. झाड उभे असेल तोवरच त्याला विचारता येईल.

१६७० साली रॉबर्ट सिब्बल्ड आणि अँड्र्यू बाल्फोर या दोन वैद्यांनी औषधी वनस्पतींसाठी चाळीस फूट लांब आणि तितकीच रुंद अशी जी जागा घेतली, आणि जिच्यातून पुढे एडिंबरोचे हे वनस्पती-उद्यान वाढले, ती होलीरूड राजवाड्याच्या लगतच होती. उद्यान तेथून तीनदा हलले आणि अखेर शहराच्या उत्तरेस इन्व्हर्लीथला स्थिर झाले. त्याची दोन झाडे तेवढी, बहुधा कोणाच्या तरी हातगाडीवरून, उद्यानाच्या जन्मभूमीजवळ परत आली. आता दर वर्षी जून-जुलैत तपासनीस त्यांच्याखाली उभे राहून, मान वर करून, शेंड्याकडची एकेक फांदी पिवळी तर पडत नाही ना हे पाहतात.